सिंगल सीट निवडताना: अंगठ्याने दाबून बघू नका, बसून बघा

मोटारसायकलला सिंगल सीट, म्हणजे फक्त चालकापुरती सीट, घ्यायची म्हटली की आधी नजर जाते रेक्झिनच्या रंगावर, मग शिलाईच्या चौकड्यांवर, शेवटी अंगठ्याने गादी दाबून पाहिली जाते आणि ‘मऊ आहे’ म्हणून पैसे दिले जातात. पण अंगठ्याचं आणि बुडाचं वजन सारखं नसतं. अंगठ्याला लोण्यासारखी लागलेली गादी ठाण्यात माजिवड्याहून निघालेल्या माणसाला गायमुखपर्यंत पोचेस्तोवर चक्क पत्र्यावर बसवते. सीटचा आराम मऊपणात नसतो. वजन किती जागेवर आणि कोणत्या हाडांवर पसरतं, त्यावर तो ठरतो. म्हणून दुकानात जाण्याआधी थोडं घरचं काम करायला लागतं.

आधी सीटच दोषी आहे का ते बघा

एकट्याने चालवल्या जाणाऱ्या कितीतरी गाड्यांचे मागचे शॉकअप डबलसीटच्या खाचेवर अडकलेले असतात. कधीतरी दोघांनी सामान घेऊन शिर्डीला जाताना स्प्रिंग कडक करून घेतलेली असते, ती पुन्हा सैल करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. रॉयल एनफील्डच्या क्लासिक ३५० च्या मागच्या शॉकअपला प्रीलोडच्या, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याच्या, सहा पायऱ्या आहेत. साठ-सत्तर किलोच्या एकट्या माणसाला खालच्या एक-दोन पायऱ्या बहुतेक वेळा पुरतात. टूलकिटमधल्या हुकाच्या पान्याने फिरवा आणि दोन्ही बाजूंची खाच एकच ठेवा. डावीकडे दोन आणि उजवीकडे तीन असं झालं तर गाडी वळणात विचित्र वागते.

टायरच्या हवेचंही तेच. गाडीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी मागच्या चाकाचे वेगळे आकडे दिलेले असतात. पंपावर गेलं की ‘मागे चाळीस मार’ म्हणायची सवय असेल तर ती हवा थेट मणक्यात जाते. हे दोन्ही दुरुस्त करून आठवडाभर नेहमीच्या रस्त्याने जा. बऱ्याच लोकांचा सीटचा खर्च इथेच वाचेल.

तरीही दुखत असेल तर नेमकं कुठे दुखतं ते लिहून ठेवा, कारण प्रत्येक जागेचं कारण वेगळं आहे. बुडाखाली दोन ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल तर फोम बसलाय किंवा मुळातच पातळ आहे, आणि हाडं पॅनला, म्हणजे सीटच्या तळाच्या कडक साच्याला, टेकतायत. माकडहाड दुखत असेल तर सीटचा मागचा भाग खोलगट आहे किंवा तुम्ही मागे रेलून, कंबर गोल करून बसताय. मांड्यांच्या आतल्या बाजूला वळ उठत असतील तर सीटची पुढची कड रुंद आहे किंवा पॅनची धार फोममधून जाणवतेय. पुढच्या नाजूक भागात बधिरपणा येत असेल तर सीटचं नाक वर उचललेलं आहे. उलट नाक खाली झुकलेलं असेल तर माणूस सारखा टाकीकडे घसरतो, स्वतःला हातांनी मागे रेटतो आणि मनगटं दुखल्याची तक्रार करतो. मनगट दुखतंय म्हणून नवे ग्रिप घेणाऱ्यांनी सीटवर गवंड्याची बुडबुड्याची लेव्हल ठेवून पाहावी. गुडघे आखडत असतील तर सीट फार खाली आहे. बधिरपणा गाडीवरून उतरल्यावरही बराच वेळ राहत असेल तर सीटवाल्याकडे नको, डॉक्टरकडे जा.

हाडांचं माप

पार्सलच्या खोक्याचा पन्हळी पुठ्ठा घ्या. जिन्याच्या पायरीवर किंवा लाकडी स्टुलावर तो ठेवा, पायाखाली एक वीट किंवा पाट घ्या म्हणजे गुडघे जरा वर येतील. पातळ कपड्यात त्यावर बसा, गाडीवर बसता तितकेच पुढे झुका, एक मिनिट थांबा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. नीट दिसले नाहीत तर पेन्सिल आडवी धरून घासा. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर हे तुमच्या बैठकीच्या हाडांचं माप. पुरुषांत ते साधारण १० ते १३ सेंटिमीटर भरतं, स्त्रियांत थोडं जास्त.

या मापात दोन्ही बाजूंना चार-पाच सेंटिमीटर मिळवा. म्हणजे ११ सेंटिमीटरच्या माणसाला कमीत कमी १९ ते २१ सेंटिमीटर सपाट, आधार देणारी जागा हवी. इथे फसगत होते ती अशी: विक्रेता सांगतो ती रुंदी कडेपासून कडेपर्यंतची, आणि कडा गोल उतरत्या असतात. सीटवर आडवी स्टीलची पट्टी ठेवा. पट्टी आणि गादी यांच्यात जिथून फट सुरू होते, तिथपर्यंतचीच रुंदी कामाची. म्हणून बाहेरून २५ ते २८ सेंटिमीटर दिसणारी सीट बऱ्याच जणांना बरोबर बसते. बाहेरून २२ ची नाजूक बॉबर सीट (बसक्या, एकट्याच्या गाड्यांवर असते तशी) फोटोत कितीही सुंदर दिसली तरी कडेवर बसवते.

नाकाकडची रुंदी मात्र कमीच हवी, १३ ते १६ सेंटिमीटर. पुढे रुंद झाली की पाय फाकतात आणि तितकी उंची जमिनीपासून ‘वाढते’. तीन हात नाक्याच्या सिग्नलला टाचा टेकणं आणि नुसते चवडे टेकणं यातला फरक तिथे तीन मिनिटं उभं राहिल्यावर कळतो.

उंची मोजताना मोकळी सीट मोजू नका. जुन्या सीटवर बसा आणि दुसऱ्या माणसाला फुटरेस्टपासून बुडाच्या खालच्या रेषेपर्यंत टेप लावायला सांगा. नवी सीट बसल्यावर या आकड्याच्या दोन सेंटिमीटर वर-खाली असावी, त्याहून जास्त फरक नको. कारण सीट एकटी कधीच बदलत नाही. ती खाली गेली की गुडघे जास्त दुमडतात आणि हँडल तुलनेने वर जातं. क्लासिक ३५० ची सीट ८०५ मिलिमीटरवर आणि तिच्याच बॉबर धाटणीच्या गोअन क्लासिकची ७५० वर आहे, पण कंपनीने सीट खाली आणताना हँडल उंच घेतलं आणि फुटरेस्टही पुढे सरकवले. बाजारातली बसकी सीट साध्या क्लासिकवर लावली तर यातलं फक्त पहिलं काम होतं.

तीन वाटा

एक, कंपनीची किंवा त्या मॉडेलसाठीच बनवलेली तयार सीट. माउंटिंग जुळतं, कुलूप चालतं, फोम मात्र सगळ्यांना एकच. दोन, स्प्रिंगवरची सुटी सॅडल. तीन, गाडीच्या मूळ सीटचा चालकाचा भाग घेऊन त्याच्याच पॅनवर नवा फोम आणि नवं कव्हर. रोज ठाणे-महापे किंवा नेरुळ-ऐरोली करणाऱ्या माणसाला तिसरी वाट सगळ्यात शहाणी. पॅन गाडीला बसतोय हे आधीच सिद्ध झालेलं असतं, वेल्डिंग लागत नाही, आणि आकार तुमच्या मापाने होतो. दिसायला ती सगळ्यात कमी ‘कस्टम’ दिसते, हा तिचा एकच दोष. मागचा भाग वेगळा निघत नसेल, म्हणजे सीट एकाच पॅनवर अखंड असेल, तर पॅन कापू नका. दुसरी जुनी सीट मिळवा आणि प्रयोग तिच्यावर करा.

स्प्रिंगची सीट

जुन्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या) इंजिनच्या क्लासिकला चालकाखाली दोन स्प्रिंगा होत्या. २०२१ च्या नव्या क्लासिकमध्ये त्या काढून टाकल्या. तरी बाजारात स्प्रिंगच्या सीटला मागणी कायम आहे आणि चुकाही इथेच सगळ्यात जास्त होतात.

स्प्रिंग वजनावर निवडायची असते. मोकळी स्प्रिंग मोजा, समजा १०० मिलिमीटर आहे. पूर्ण दाबली की वेटोळी एकमेकांना ज्या लांबीला टेकतील ती धरा ६०. म्हणजे हालचालीला जागा ४० मिलिमीटर. तुम्ही बसल्यावर त्यातला साधारण एक तृतीयांश, म्हणजे १३-१४ मिलिमीटर वापरला जायला हवा. निम्म्याहून जास्त दबली तर पहिल्याच मोठ्या गतिरोधकावर ‘खाट्’ आवाज येईल आणि तो धक्का थेट पाठीत जाईल. पाच मिलिमीटरही दबली नाही तर ती स्प्रिंग शोभेची. या स्प्रिंगांना शॉकअपसारखं तेल नसतं, त्यामुळे दाबल्यावर त्या तितक्याच जोराने वर फेकतात. सर्व्हिस रोडवर एकामागून एक आलेल्या खड्ड्यांत सैल स्प्रिंगवाला माणूस घोड्यावर बसल्यासारखा दिसतो, आणि त्या उसळीत उजवा पाय ब्रेकवरून सुटतो. दिसायला गंमत, प्रत्यक्षात धोका.

सीटच्या नाकाशी एक बिजागरी असते. तिच्यात पितळी किंवा नायलॉनची बुश, म्हणजे आतली छोटी नळी, असायला हवी. लोखंडावर लोखंड घासत असेल तर पहिल्या पावसानंतर ती कुरकुरते आणि सहा महिन्यांत सैल होते. सीट हाताने आडवी हलवा. मागची कड लक्षात येईल इतकी डावी-उजवी डोलत असेल तर घेऊ नका, वळणावर ती डोलणं दहापट जाणवतं.

आता दोन गोष्टी, ज्या तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढूच नये.

स्प्रिंगांचे बोल्ट मडगार्डमधून खाली उतरवले असतील तर त्यांची टोकं चाकाच्या बाजूला किती बाहेर येतात ते पाहा. गाडी उभी असताना टायर आणि बोल्टमध्ये चार बोटं जागा दिसते, पण मोठ्या खड्ड्यात शॉकअप पूर्ण दबला की चाक वर येतं आणि बोल्टचं टोक टायर सोलून काढतं. मळलेल्या कणकेची लिंबाएवढी गोळी बोल्टच्या टोकाला दाबून चिकटवा, सोसायटीच्या गतिरोधकावरून सावकाश चार-पाच वेळा जा, आणि उतरून बघा. गोळी चेपली किंवा तिच्यावर टायरची नक्षी उमटली तर बोल्ट कापून आखूड करा किंवा बुटका, गोल डोक्याचा बोल्ट चाकाच्या बाजूने घाला, म्हणजे टोक वर राहील. नक्षी उमटली नाही तरीही किमान २० मिलिमीटर जादा जागा ठेवा, कारण रस्त्यावरचे खड्डे सोसायटीच्या गतिरोधकाइतके सभ्य नसतात.

दुसरी गोष्ट बॅटरी. सीट दबल्यावर लोखंडी पॅन बॅटरीच्या प्लस टर्मिनलला टेकला तर शॉर्ट होऊन वायरिंग पेट घेऊ शकते. टर्मिनलवर रबरी टोपी हवीच, आणि दोन माणसांनी सीट जोर लावून दाबल्यावरही मध्ये १५ मिलिमीटर फट उरायला हवी.

फोम: घनता वेगळी, कडकपणा वेगळा

‘चाळीस डेन्सिटी आहे साहेब’ हे वाक्य प्रत्येक सीटवाला म्हणतो. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. ती फोम किती टिकेल ते सांगते, किती कडक लागेल ते सांगत नाही. एकाच घनतेचे मऊ आणि कडक असे दोन्ही फोम मिळतात. खरं-खोटं करायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो: ३० × ३० सेंटिमीटरचा, ५ सेंटिमीटर जाडीचा तुकडा चाळीस डेन्सिटीचा असेल तर १८० ग्रॅम भरतो. १४५ च्या आसपास भरला तर तो बत्तीसचा आहे. बत्तीस सोफ्याच्या पाठीला ठीक. रोज तासभर तुमचं वजन घेणाऱ्या सीटला नाही.

चांगली सीट एकाच फोमची नसते. पॅनला लागून ३५ ते ४० मिलिमीटर रिबाँडेड फोम, म्हणजे तुकडे दाबून बनवलेला रंगीबेरंगी, ८० ते १०० घनतेचा. त्यावर २० ते २५ मिलिमीटर एचआर (हाय रेझिलिअन्स, म्हणजे दाबल्यावर चटकन उसळणारा) फोम, ४० ते ५० घनतेचा. सगळ्यात वर ५-६ मिलिमीटरचा मऊ थर, तोही फक्त कव्हर गुळगुळीत बसावं म्हणून. हाडांखाली एकूण जाडी ६० ते ७० मिलिमीटर. तयार झाल्यावर कव्हर लावण्याआधी सीट जमिनीवर ठेवून हाडांच्या जागी गुडघा टेकवा आणि शरीराचा भार द्या. गुडघ्याला पॅन लागला तर बुडालाही लागणार.

माकडहाडाचा त्रास असलेल्यांनी मागच्या भागात मधोमध ४ ते ५ सेंटिमीटर रुंद आणि सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खोल खाच करून घ्यावी. खाचेच्या कडा उतरत्या घासायच्या. खड्या ठेवल्या तर त्याच टोचतात. मागे कमरेला उठाव ५ सेंटिमीटरचा पुरतो. जास्त उंच उठाव माणसाला एकाच जागी खिळवतो. माळशेज किंवा जुन्या हायवेने खंडाळ्यापर्यंत जाणाऱ्याला दर पंधरा मिनिटांनी थोडं पुढे-मागे सरकता आलंच पाहिजे, तोच सगळ्यात मोठा आराम.

जेल आणि मेमरी फोम यांची भलतीच हवा आहे. मेमरी फोम उष्णतेने मऊ पडतो. मे महिन्यात स्टेशनबाहेर दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीवर तो निव्वळ लोळागोळा होतो. लावायचाच तर एचआरच्या वर १० मिलिमीटरचा, त्याहून जाड नको. जेल ऊन शोषून धरतं आणि संध्याकाळी सातलाही चटका देतं. जेलवर सेंटिमीटरभर फोम असेल तरच घ्या.

कारागिराच्या तीन चुका ओळखून ठेवा. बसलेल्या जुन्या फोमवरच नवा थर चिकटवणं ही पहिली, खालचा खड्डा महिन्याभरात वर येतो. थर जोडताना हाडांच्या खाली भरपूर चिकटवणी ओतणं ही दुसरी, वाळल्यावर तिची कडक पापडी होते. चिकटवणी दोन्ही बाजूंना पातळ लावून, बोटाला चिकटेनाशी झाल्यावर जोडायची, मधल्या भागात अगदी विरळ. तिसरी चूक म्हणजे कव्हर ढोलकीसारखं ताणणं. ताणलेलं रेक्झिन स्वतःच वजन झेलतं आणि खालचा महागडा फोम नुसता बघत बसतो.

पावसाळा

आपल्याकडे सीट फोमने कमी आणि पाण्याने जास्त मरते. पाणी शिरतं ते शिलाईच्या भोकांतून. म्हणून बसण्याच्या जागी एकही आडवी शिलाई नको, नक्षी हवी तर कडेच्या पट्टीवर करा. शिलाई दुहेरी, दोरा पॉलिस्टरचा किंवा नायलॉनचा. सुती दोरा दोन पावसाळ्यांत कुजतो. शिलाईला आतून सीम सीलर, म्हणजे भोकं बुजवणारं द्रव, फासा आणि फोम व कव्हर यांच्यात पातळ प्लॅस्टिक शीट घाला. पॅनच्या सगळ्यात खोल भागात ६ ते ८ मिलिमीटरची दोन-तीन भोकं असावीत, म्हणजे शिरलेलं पाणी निघून जाईल.

खरं चामडं नवी मुंबईच्या खाडीकाठच्या दमट हवेत बुरशी धरतं. ज्याला दर महिन्याला तेल-मेण करायची हौस असेल त्याने घ्यावं, बाकीच्यांना जाड चांगलं रेक्झिन बरं. प्लॅस्टिकच्या पॅनवर स्टेपल स्टेनलेस स्टीलचेच मारून घ्या. साधे गंजले की कव्हर एका कोपऱ्यातून सुटायला लागतं. फोम भिजलाच तर कव्हर काढा, जुन्या टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि पंख्याखाली उभा ठेवा. कडक उन्हात टाकलेला फोम वरून पिवळा आणि ठिसूळ होतो.

बसवताना

पॅन लोखंडी असेल तर पत्रा दीड मिलिमीटरहून पातळ नको. फायबरचा असेल तर बोल्टच्या जागी आतून लोखंडी पट्टी बसवलेली हवी, नाहीतर भोकाभोवती तडे जातात. फ्रेमवर टेकणाऱ्या प्रत्येक जागी रबराची गादी हवी. जुने नट परत वापरू नका, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज न सुटणारे) घाला. सगळे बोल्ट आधी हाताने अर्धे लावा, सीट मधोमध आहे ना ते मागून बघा, मग आळीपाळीने आवळा. एक पूर्ण आवळून दुसरा लावायला गेलं की भोकं जुळत नाहीत आणि मग हातोडा बाहेर निघतो. टेललाइटची वायर पॅनखाली चिमटत नाही ना ते पाहा, सीटचं नाक टाकीला घासत नाही ना तेही. मध्ये बोटभर फट हवी.

मागची सीट काढलीत म्हणून मागचे फुटरेस्ट, पकडायचा दांडा आणि साडीगार्ड काढू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ दुचाकीला हे तिन्ही लावायला सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे मागच्याला नीट बसवलेली सीट असल्याशिवाय डबलसीट नेता येत नाही, तेव्हा रॅकवर मित्राला बसवायचा विचार डोक्यातून काढा. मागच्या सीटच्या जागी सामानाची पेटी लावायची असेल तर नियमातली मर्यादा ५५० मिलिमीटर लांबी, ५१० रुंदी आणि ५०० उंची. फ्रेम कापणं किंवा वेल्डिंग करणं हा सीटचा बदल राहत नाही, तो गाडीचा बदल होतो. त्या वाटेला जाऊ नका.

चाचणी

दुकानात पाच मिनिटं बसून काहीच कळत नाही. पहिल्या पाच मिनिटांत मऊ सीटच जिंकते, विसाव्या मिनिटाला ती हरते. किमान अर्धा तास बसा, आणि पामबीचवर नको. त्या रस्त्यावर कुठलीही सीट चांगलीच वाटते. घोडबंदरचा पेव्हर ब्लॉकवाला सर्व्हिस रोड किंवा ठाणे-बेलापूर रोड गर्दीच्या वेळी, थांबत-सुटत करा. रोज पाठीवर लॅपटॉपची बॅग असते तर ती घेऊनच करा, तिचं वजनही सीटवरच येतं. नवा फोम पहिल्या महिन्यात थोडा बसतो, त्यामुळे सुरुवातीला किंचित कडक वाटली तर ती बरोबर आहे. पहिल्याच दिवशी अगदी हवी तितकी मऊ वाटली तर दिवाळीपर्यंत ती बसलेली असेल.

शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा आवळा, पाचशेनंतर पुन्हा. आणि काढलेली मूळ सीट भंगारात देऊ नका, गाडी विकताना तीच मागितली जाते. माळ्यावर टाकताना प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत घाम धरून रेक्झिनवर पांढरी बुरशी येते. जुन्या चादरीत गुंडाळा आणि उभी ठेवा.